राजोडीचा ठिपका

“वास येतोय. मला वास येतोय. बाटल्या बाहेर काढा सगळ्या, नाहीतर घर उलटं करून झाडीन!”

जमादार तुझ्या ओट्यावर उभा राहून ओरडत होता आणि तू, भास्कर, तिकडे शाळेत चौथीच्या पोरांना कर्कवृत्त शिकवत होतास. घरात वहिनी, मी आणि फडताळातल्या अकरा बाटल्या. जमादाराचा आवाज असा, की तो अर्नाळ्याच्या किल्ल्यावर आपटून परत आला तेव्हा वाटेतल्या दोन म्हशींचं दूध आटलं. तू असतास तर लगेच विचारलं असतंस, “हऱ्या, म्हशी कोणाच्या?” म्हणून आधीच कबूल करतो. म्हशी मी घातल्या. जमादार खरा, बाटल्या खऱ्या, आणि पुढे जे सांगणार आहे तेही खरं. ते तुझ्या तोंडावर सांगायला माझ्याकडे सहा वर्षं होती. सांगतोय आज, तुझा तेरावा होऊन दोन दिवस झाल्यावर. माझ्यासारखा मुहूर्त बघणारा माणूस पंचक्रोशीत नाही.

दारूबंदी तेव्हा नुकती आली होती. तुझ्या कसरींना बुडवून ठेवायला स्पिरिट लागायचं, स्पिरिटाला परवाना लागायचा, आणि परवान्याचा तुझा अर्ज कचेरीत कुठे तरी पडून होता. त्यालाही एव्हाना कसर लागली असणार. मग उरला इनास. पलीकडच्या वाडीतला इनास केळ्याची अशी दारू गाळायचा, की तिच्या नुसत्या वाफेने चर्चची घंटा दोरी न ओढता वाजायची. तुला गुपचूप बाटली देताना तो म्हणायचा, “मास्तर, माझ्या दारूत माशी पडली तर गिऱ्हाईक आय-बाप काढतं. तुमी एकटेच. किडा मुद्दाम टाकता, आनि वर माझे आभार मानता.”

जमादाराने पहिली बाटली उजेडात धरली.

“हे काय?”

“कसर,” मी म्हटलं.

“कसली कसर?”

“पुस्तकं खाते ती. चंदेरी. शेपटीला तीन केस असतात बघा.”

“दारूत कशाला?”

“मास्तरांना तिची वंशावळ काढायची आहे.”

त्याने माझ्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. “इतकी वर्षं नोकरी झाली माझी,” तो म्हणाला. “दारूत लिंबू बघितलं, विंचू बघितला, एकदा गणपतीची सुपारी बघितली. वंशावळ नव्हती बघितली.” मग त्याने बूच काढून हुंगलं, आणि त्याचा चेहरा देवदर्शन झाल्यासारखा झाला. पुरावा म्हणून दोन बाटल्या नेतो, म्हणाला. पुरावा कुठल्या मार्गाने जाणार ते मला दिसत होतं. तुझ्यावर खटला, शाळेतून तुझी गच्छंती, आणि तुझ्या कसरी जमादाराच्या पोटात.

मग मी माझं काम केलं. गंभीर होऊन सांगितलं की न्या, पण बुचाला लागलेला हात तोंडाला लावू नका. या किड्याचा अर्क दारूत उतरला की एका थेंबात माणसाची आतडी कागदासारखी कातरली जातात. बोळिंजचा एक जण असाच गेला, तिरडीवर ठेवला तेव्हा आतून कुरतडल्याचा आवाज येत होता. जमादाराने हात धोतराला पुसला, तेही माझ्या. खटल्याचा विचार त्याने तिथेच सोडला. सगळ्या बाटल्या माझ्यासमोर ओता, म्हणाला, आणि मी काही बघितलं नाही.

ती थाप तुला आवडली होती. संध्याकाळी ऐकून तू खांब धरून हसलास. तुझ्या तोंडून माझ्या थापेचं कौतुक एवढं एकदाच ऐकलं. बाकी आयुष्यभर तू एकच म्हणत आलास, “हऱ्या, कुठेही खोटं बोल. बाजारात बोल, लग्नात बोल, यमाशी बोल. चिठ्ठीत बोलू नकोस.”

चिठ्ठी म्हणजे तुझं दैवत. बोटाच्या पेराएवढा कागद, शिसपेन्सिलीने लिहिलेला, कारण शाई दारूत उतरते. किडा कुठे मिळाला, कशाखाली मिळाला, कोणी दिला. ती बाटलीच्या आत, किड्याशेजारी. तू सांगायचास की किडा हरवला तर चालेल, दुसरा मिळेल. चिठ्ठी चुकली तर किड्याने जगाला खोटं सांगितलं, आणि जग ते शंभर वर्षं खरं मानणार. मी म्हणायचो, मग माझ्यात आणि तुझ्या किड्यात फरक तो काय? तू म्हणायचास, “तुझं कोणी खरं मानत नाही, म्हणून तू निरुपद्रवी.”

आता ओतण्याची गोष्ट.

केळीच्या बुंध्याशी एकेक बाटली रिकामी करायची होती. त्या बुंध्याची केळ पुढे तीन वर्षं डुलत वाढली आणि तिचा केळ्यांचा लोंगर शेवटपर्यंत कोणाशी सरळ बोलला नाही, पण ते असो. तुझ्या कसरी मातीत जाऊ नयेत म्हणून मी वहिनींची चहाची गाळणी ओढली. त्या आतून ओरडल्या, “भावजी, नवी आहे ती.” मी म्हटलं, “वहिनी, शास्त्रासाठी.” त्या म्हणाल्या, “शास्त्राला चहा कोण करून देणार?” त्या गाळणीतून पुन्हा कधी चहा गाळला गेला नाही. मी अकराही बाटल्या गाळल्या, आणि गाळणी दर वेळी एकाच परातीत झटकली. जमादार डोक्यावर उभा होता. तो गेला तेव्हा परातीत ओल्या कसरी एका बाजूला, ओल्या चिठ्ठ्या दुसऱ्या बाजूला, आणि मी मधे.

घाबरलो नाही. तू माझ्याकडून दहा वर्षं ही घराणी पाठ करून घेतली होतीस. शाळेने टाकून दिलेला जगाचा नकाशा तुझ्या माजघरात टांगलेला, त्यावर तीन रंगांचे ठिपके, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तू ते सोयरिकीसारखे समजावून सांगायचास. मुलगी बघायला आलेले पाहुणेसुद्धा सुटले नाहीत.

पहिलं घराणं घरगुती. अंगावर खवले, डोळे शाबूत, खायला कांजी, खळ, पुस्तकांची बांधणी. माणूस जिथे कपड्याला कांजी घालतो तिथे ही, मग तो देश कुठलाही असो. लाल ठिपके इतके, की नकाशाला गोवर आलेला. त्यातलीच एक चितकबरी, ऊब मिळाली की खूष. ती तू पाववाल्याच्या भट्टीमागून पकडून आणलीस, भुवया जाळून घेऊन. “थंड मुलखात बर्फ पडत असताना तिकडच्या भट्टीमागे हीच बसलेली असते, हऱ्या. हिची बहीण नाही, हीच.” तुला या गोष्टीचं जेवढं नवल, तेवढं मला तुझ्या भुवयांचं.

दुसरं घराणं आंधळं. फिकट, बुटकं, जमिनीखाली, गुहेत, नाहीतर वारुळात बिनभाड्याने राहणारं. उष्ण देशांतून निळ्या ठिपक्यांचा पट्टाच्या पट्टा. यातली काही मुंग्यांच्या घरातली: एक मुंगी दुसरीला तोंडातून घास भरवत असते, तेवढ्यात ही मधे घुसून थेंब चाटते आणि पसार. तू म्हणालास, “हे तुझं घराणं, हऱ्या. लग्नात बिनआमंत्रणाचं.” मी चिडलो नाही. खरं होतं.

तिसरं फार जुनं. उत्तरेकडच्या कुठल्याशा समुद्राकाठी पिवळ्या डिंकाचे खडे मिळतात, त्यात गोठलेलं. जिवंत कोणी पाहिलेलं नाही. तू नकाशावर तिथे नुसतं वर्तुळ काढून ठेवलंस. “असेल अजून कुठे तरी,” म्हणालास, “कोणी नीट बघितलं नसेल.”

आणि चौथं, हिरवं. तुझं लाडकं. अंगावर एक खवला नाही, उघडंबोडकं, कोरड्या किनाऱ्याची आवड. ठिपके मोजून दोन ठिकाणी. एक अरबस्तानाच्या किनाऱ्यावर, मस्कतकडे. दुसरा पार दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम अंगाला, वाळवंट जिथे समुद्रात उतरतं तिथे. मधे काही नाही. अर्धी पृथ्वी रिकामी. “मधली कुठे गेली?” तू रात्रंदिवस हेच. जमिनी कधीकाळी एक होत्या आणि मग फाटल्या, असं म्हणणारे काही लोक आहेत, त्यांना हसणारे त्याहून जास्त आहेत, असं तू सांगायचास. माझा सिद्धांत सोपा होता: एक कसर कासवाच्या पाठीवर बसली, कासव रस्ता चुकलं. तू त्यावर दोन दिवस खरोखर विचार केलास. माझ्या थापेवर इतका विचार दुसऱ्या कोणी केला नाही. मला त्या दोन दिवसांत कसं वाटलं हे तुला कधी सांगितलं नाही, ते आता सांगतो. मला माणसात आल्यासारखं वाटलं.

उड्या मारणाऱ्या, पाठीला कुबड असलेल्या कसरी असतात त्यांच्यावरून आपलं भांडण राहिलं ते राहिलंच. मी म्हणत होतो, शेपट्या तीनच आहेत, घ्या आपल्यात. तू म्हणालास, “पंगतीला बसला म्हणून भाऊबंद होत नाही.” अजूनही मला वाटतं तू त्यांच्यावर अन्याय केलास.

तर परात. नऊ कसरी मी चेहऱ्यावरून ओळखल्या. भट्टीवाली चितकबरी इकडे, वारुळातली आंधळी तिकडे, तुझ्या शाळेच्या दाखल्यांच्या पेटीतली जाडी ती, माझ्या वाळवलेल्या केळ्यांच्या, सुकेळीच्या गठ्ठ्यातली ती. नऊ चिठ्ठ्या बरोबर गेल्या, यावर मी आजही हात ठेवून शपथ घेईन. राहिल्या दोन. दोन्ही लहान, दोन्ही भिजून मळकट, मला सारख्याच. आणि चिठ्ठ्या दोन. एकीवर “राजोडी, ओंडक्याखाली”. दुसरीवर “मस्कतचं खजुराचं पोतं”. ते चटईचं पोतं अर्नाळ्याचा एक तांडेल आपल्या गलबतातून घेऊन आला होता, तळाशी मस्कतची वाळू चिकटलेली, आणि तू खजूर त्याला परत देऊन वाळू ठेवून घेतलीस.

मी मनात देवाचं नाव घेतलं आणि टाकल्या. ही इकडे, ती तिकडे.

संध्याकाळी हसून झाल्यावर तू डोळे पुसलेस आणि विचारलंस, “चिठ्ठ्या?”

एका शब्दाचा प्रश्न. मला म्हणता आलं असतं, भास्कर, दोनांची खात्री नाही. तू त्या दोन फेकून दिल्या असत्यास आणि संपलं असतं. पण आत्ताच मी जमादाराला पळवून लावलं होतं, ओटीवर चार माणसं ऐकत होती, वहिनींनी नव्या गाळणीशिवाय केलेला चहा माझ्या हातात होता. मी म्हणालो, “जिच्या तिच्या घरी नेऊन सोडल्या. दाराशी उभं राहून आत गेल्या का तेही बघितलं.”

लोक हसले. तू नाही हसलास. तू मान डोलावलीस. ते मला अजून दिसतं.

दिवाळीच्या सुट्टीत तू मुंबईच्या एका कॉलेजातून सूक्ष्मदर्शक उसना आणलास. तो तू असा मांडीवर धरून आणलास, की गाडीतल्या एका बाईने बाळाचं नाव विचारलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्या वाडीत धावत आलास. तू धावलास, भास्कर. शाळेची घंटा झाली तरी जो माणूस चालत जायचा, तो पानवेलीच्या पाटातून, चिखलातून धावत आला आणि माझे दोन्ही खांदे धरले.

“राजोडीची. खवले नाहीत हऱ्या. एक नाही. हिरवी आहे ती, हिरवी.”

“कोण?”

“चौथं घराणं. मस्कत, दक्षिण अमेरिका, आणि राजोडी.”

“आणि मस्कतच्या पोत्यातली?”

“ती आपली साधी घरगुती. बोटीवरची असणार.”

मी सगळं एका क्षणात समजलो: त्या दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. माझ्या हातात राजेळी केळ्यांचा घड होता, तो मी खाली ठेवला, पुन्हा उचलला. तू तुझ्या आनंदात होतास. मी काय बोललो आठवतं? तू पुढे कितीतरी वेळा ते सांगायचास, म्हणून मलाही विसरता आलं नाही. मी म्हणालो, “मला वाटलंच होतं.”

नकाशावर मात्र तू हिरवी शाई वापरली नाहीस. राजोडीचा ठिपका पेन्सिलीने काढलास. वहीतही नोंद पेन्सिलीने, शेजारी प्रश्नचिन्ह. “एक सापडली म्हणजे अफवा,” म्हणालास. “दोन सापडल्या की वस्ती. दुसरी मिळेपर्यंत कोणाला कळवायचं नाही.” आणि दुसऱ्या दिवसापासून आपण राजोडीला जायला लागलो.

सहा वर्षं. शाळा सुटली की तू माझ्या फाटकाशी, हातात चपला. राजोडीच्या वाळूवरून कळंबच्या खडकापर्यंत आणि परत. भरतीच्या रेषेवरचा प्रत्येक ओंडका, प्रत्येक फळी उलथायची, भिंग लावायचं, पुन्हा जशीच्या तशी ठेवायची, कारण खाली ज्यांचं घर असेल त्यांचं छप्पर उडवून जाऊ नये, असं तुझं म्हणणं. वाळूवर पसरलेली मर्यादवेल बाजूला सारायची. मी बोलायचो, तू बघायचास. पहिलं वर्ष मी रोज ठरवायचो, आज सांगू. कळंबच्या खडकाशी सांगू. मग, परतताना सांगू. मग तू एखादी फळी उलथताना इतका हळू व्हायचास, की मला वाटायचं, कोण जाणे, असेलही. माझी थाप खरी होऊन वाळूतून चालत येईल. माझ्या आयुष्यात दोनदा तसं झालंय.

दुसऱ्या वर्षापासून मी ठरवणंही सोडलं. कारण सांगतो, आणि हे लिहायला मला पाण्याचे दोन पेले लागले. सांगितलं असतं तर चालणं संपलं असतं. माझ्याकडे संध्याकाळी यायला दुसरं कोणी नव्हतं.

बोंबील वाळवणारी म्हातारी काशी रोज विचारायची, “मास्तर, गवसलं क?”

“नाही अजून.”

“सोन्याचं होतं क?”

“त्याहून भारी.”

ती मला डोळा घालायची. “बायकोनं दिलेलं दिसतंय. मिलालं नाय तर घरी जायला भिनार.”

भर पावसातही तू यायचास. मी म्हणायचो, “अरे, या चिखलात कुठली कसर? कोरड्या जागेची ती.” तू म्हणायचास, “चालू या तरी.” मला वाटायचं, याला शास्त्राचं वेड लागलंय. आणि त्या वेडाला खतपाणी मी घातलंय.

मधे आपलं भांडण झालं ते सुकेळीवरून. माझ्या वाडीतल्या राजेळीची सुकेळी अशी, की गठ्ठा सोडला की वसईच्या मधमाश्या राजीनामे द्यायच्या. रोज मी तुला एक द्यायचो. तू “घरी खाईन” म्हणून खिशात टाकायचास. एक दिवस काशी मला म्हणाली, “तुमची सुकेली लय गोड हाय हो. मास्तर रोज देतात.” मी आठ दिवस तुझ्याशी बोललो नाही. चाललो, पण बोललो नाही. माझं गप्प राहणं म्हणजे काय शिक्षा असते ते मलाच कळतं. तू कारण सांगितलं नाहीस. नवव्या दिवशी तूच म्हणालास, “हऱ्या, ते कासवाचं पुन्हा सांग.” आणि मी सांगितलं. ते भांडण तसंच राहिलं, मिटवलं कोणी नाही.

कसर म्हातारी झाली तरी कात टाकत राहते, हे तू मला कळंबच्या खडकावर बसून सांगितलंस. बाकीचे किडे मोठे झाले की थांबतात, ही थांबत नाही. “माणसाला जमत नाही,” म्हणालास. तेव्हा मी सांगायला हवं होतं. तू जागा करून दिली होतीस. मी काय केलं, तर माझ्या आजोबांनी सत्तराव्या वर्षी कात टाकली होती आणि आजीने तिची पिशवी शिवली, असं सांगितलं.

शिमग्याच्या सुमारास त्याच खडकाशी कालवाची शिंप तुझ्या टाचेत गेली. तू अनवाणी, नेहमीसारखा. मी माझा रुमाल बांधला, वर थट्टा केली, की कालवाने मास्तरांची परीक्षा घेतली. तू हसलास. जखम भरेना. तू लपवलीस, लंगडत दोन आठवडे आलासही. मग पाय काळा पडला आणि ताप चढला. इस्पितळात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं, रक्तात साखर आहे, जुनी आहे, अशा माणसाच्या पायाला जखम होऊ द्यायची नसते. सुकेळीचा हिशोब मला तिथे, त्या बाकावर बसल्या बसल्या लागला. काशीला दिलेल्या प्रत्येक सुकेळीसाठी मी मनातल्या मनात तुझे पाय धरले.

आणि दुसरी गोष्ट लगेच पाठोपाठ आली. राजोडीला काही नव्हतं. नसलेल्या किड्यासाठी मी तुला सहा वर्षं अनवाणी त्या शिंपल्यांवरून फिरवलं.

तुझ्या खाटेशी बसलो तेव्हा तू शुद्धीवर होतास. मी म्हणालो, “भास्कर, एक सांगायचं होतं.” तू म्हणालास, “म्हशी नकोत आज.” मी म्हशी सांगितल्या नाहीत. दुसरंही काही नाही सांगितलं. तुझी टाच बघत बसलो.

तू गेल्यावर मी आधी चौकातल्या चहावाल्याकडे बोललो. तिथे आपली नेहमीची सात-आठ माणसं. जमादार, गाळणी, परात, दोन चिठ्ठ्या, सगळं सरळ सांगितलं, एक म्हैस न घालता. ऐकून झाल्यावर ते पोट धरून हसले. कोणी म्हणालं, हरीभाऊ, मास्तर गेल्यावर तुमची धार जाईल असं वाटलं होतं, पण ही सगळ्यात झकास. एकाने माझ्या चहाचे पैसेही दिले. तू म्हणायचास ना, मी निरुपद्रवी. बरोबर म्हणायचास. खरं बोललो तरी निरुपद्रवीच.

काल वहिनींनी बोलावलं. मुंबईच्या एका संग्रहालयातल्या सद्‌गृहस्थांचं पत्र आलं होतं. मास्तरांच्या बाटल्या आणि वही पाठवलीत तर त्यांच्या नावाने ठेवू, जगाच्या यादीत त्यांच्या नोंदी घेऊ. वहिनी ओटीवर बसून पार्सलाला मांजरपाटाचं कापड शिवत होत्या. वही माझ्यापुढे उघडी ठेवली, म्हणाल्या, “नीट बघून घ्या भावजी, तुम्हाला त्यातलं कळतं.”

पानंच्या पानं तुझं बारीक अक्षर, शाईचं. आणि एका ओळीत पेन्सिल. राजोडी, ओंडक्याखाली, प्रश्नचिन्ह. सहा वर्षांत तू त्यावर शाई फिरवली नाहीस. पार्सल गेलं असतं तर कोणीतरी फिरवली असती. तुझ्या नावावर. जग ते शंभर वर्षं खरं मानणार होतं.

मी त्या पानाला जोडून एक कागद लिहिला. आयुष्यात पहिल्यांदा लिहिलेली चिठ्ठी: या दोन बाटल्यांतल्या चिठ्ठ्या माझ्या हातून मिसळल्या, मास्तरांच्या नव्हे, राजोडीची नोंद धरू नये. खाली माझं पूर्ण नाव. पेन्सिलीने लिहिली, तुझ्या रिवाजाने. मग माजघरात जाऊन नकाशावरचा ठिपका खोडला. कागद तिथे थोडा पांढरा पडलाय. समुद्रालगत.

बाहेर येऊन वहिनींना सांगितलं सगळं. उभ्यानेच. गाळणीपासून शिंपल्यापर्यंत. नसलेल्या किड्यापायी रोज त्या वाटेने मी मास्तरांना नेलं, तिथेच त्यांच्या पायात शिंप गेली, त्यातच ते गेले, हे माझं काम आहे, असं म्हणालो. चहावाल्याकडे हसले तसं कोणी हसावं, असंही एकदा वाटून गेलं.

त्यांनी शेवटचा टाका घातला. दोरा दाताने तोडला. सुई पदराला टोचून ठेवली.

“साखरेसाठी रोज तीन मैल चालायला डॉक्टरांनीच सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही नेत नसता, तर मला न्यावं लागलं असतं.”